दोन सेंटिमीटरची माणसं

मॉडेल रेल्वे म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे चावी दिल्यावर गोल गोल फिरणारी पत्र्याची आगगाडी येते. ते खेळणं झालं. मी आज ज्या छंदाबद्दल बोलणार आहे, तो थोडा निराळा आहे. त्यात खऱ्या रेल्वेचा एखादा तुकडा, म्हणजे एखादं स्टेशन, एखादं यार्ड किंवा घाटातला बोगदा, ठरावीक प्रमाणात लहान करून टेबलावर उभा करतात. रूळ, सांधे, सिग्नल, पाण्याची टाकी, फलाटामागचं कडुनिंबाचं झाड, सगळं एकाच मापानं लहान केलेलं. युरोपात हा छंद शंभर वर्षांहून जुना आहे. जर्मनीत हॅम्बुर्गला २००१ साली दोन भावांनी ‘मिनिआटूर वुंडरलांड’ नावाचं प्रदर्शन सुरू केलं. तिथल्या छोट्या जगात आज अडीच लाखांहून अधिक छोटी माणसं आहेत. आपल्याकडे पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांच्या छंदातून उभं राहिलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे.

या छंदातल्या गाड्या, रूळ आणि वायरिंग यांच्याबद्दल पुष्कळ बोललं जातं. मला बोलायचं आहे ते फलाटावरच्या माणसांबद्दल. ती स्वस्तात कशी मिळतात, त्यांना पुन्हा रंग का द्यावा लागतो, तो कसा द्यायचा, आणि रंग देता देता आपण नेमकं काय ठरवत असतो, याबद्दल.

गाड्या बनवणाऱ्यांना माणसांची गरज फार लवकर कळली होती. इंग्लंडात लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीनं १९३१ साली आपल्या हॉर्नबी रेल्वेसाठी ‘मॉडेल्ड मिनिएचर्स’ या नावानं शिशाच्या छोट्या वस्तू काढल्या. त्यातला पहिला संच कशाचा होता? स्टेशनवरच्या नोकरमाणसांचा. स्टेशनमास्तर, गार्ड, तिकीट कलेक्टर, हमाल. पुढे याच मालिकेत मोटारी आल्या आणि १९३४ साली तिला ‘डिंकी टॉइज’ हे नाव मिळालं. म्हणजे आमच्या पिढीनं ज्या डिंकीच्या मोटारींचं कौतुक केलं, त्यांचं मूळ फलाटावरच्या हमालात आहे. जर्मनीत प्रायझर ही कंपनी १९४९ पासून अशी माणसं बनवते आहे. त्यांचं काम फार नाजूक, रंगही हातानं दिलेला. पण त्यातली पाच-सहा माणसं विकत घ्यायची म्हटलं तरी आपल्या खिशाला चाट बसते. आणि भारतातलं स्टेशन म्हणजे पाच-सहा माणसांनी भागणार थोडंच?

आता आमच्या स्टेशनाबद्दल सांगतो. मी मिरजेचा. मिरज जंक्शनवर एके काळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तिन्ही रुंदीचे रूळ होते. त्यातली नॅरोगेज म्हणजे बार्शी लाइट रेल्वे. ती १८९७ साली बार्शीला सुरू झाली आणि १९२७ साली मिरजेपर्यंत पोचली. अडीच फूट रुंदीच्या त्या रुळांवरून पंढरपूर, कुर्डुवाडी, पुढे लातूरपर्यंत जाता येई. आता तो सगळा मार्ग ब्रॉडगेज झाला आहे आणि ती छोटी गाडी फक्त आठवणीत राहिली आहे. रेल्वेतून निवृत्त झालेले माझे एक मित्र त्या मार्गावरचं लहानसं स्टेशन आपल्या गच्चीवरच्या खोलीत बनवताहेत. काळ साधारण १९८० चा. आरग, बेळंकीच्या बाजूला शोभेल असं, पण नाव काल्पनिक. प्रमाण एकास सत्त्याऐंशी. म्हणजे खरी वस्तू जेवढी, तिच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढं मॉडेल. खरे रूळ ७६२ मिलिमीटर रुंदीचे. त्याला ८७ नं भागलं की पावणेनऊ मिलिमीटर येतात. बाजारात नऊ मिलिमीटरचा रूळ तयार मिळतो, तो चालून जातो. रूळ, इंजिन आणि वीज हे खातं त्यांच्याकडे. ‘‘कविराज, माणसं तुमच्याकडे,’’ असं त्यांनी एकदा जाहीर करून टाकलं.

या प्रमाणात साडेपाच फुटी माणूस एकोणीस मिलिमीटरचा होतो. सोयीसाठी दोन सेंटिमीटर म्हणू. अशी प्लॅस्टिकची माणसं चीनमधून येतात आणि शंभराच्या पिशवीत मिळतात. इमारतींची मॉडेलं करणारे वास्तुविशारद ती वापरतात. काही शे रुपयांत शंभर माणसं. एवढ्या स्वस्तात माणूस दुसरीकडे कुठे मिळणार?

पण पिशवी उघडली की स्वस्ताईचं कारण कळतं. शंभर माणसांत साचे जेमतेम आठ-दहा. तोच सुटातला पुरुष, हातात तीच ब्रीफकेस, बारा वेळा. तीच झगा घातलेली बाई, दहा वेळा. माझ्या पिशवीत म्हातारं कुणी नव्हतं, कडेवर मूल घेतलेली बाई नव्हती, डोक्यावर ओझं असलेला माणूस नव्हता, बसलेलं कुणीच नव्हतं. सगळ्यांची कातडी एकाच गुलाबी रंगाची. कपड्यांना लाल, निळा, पिवळा असे बाटलीतून थेट काढलेले चकचकीत रंग. आणि पाकिटावर १:८७ लिहिलेलं असलं तरी आतला माणूस तेवढा असेलच असं नाही. म्हणून पट्टी घेऊन बसायचं. सतरा ते बावीस मिलिमीटरपर्यंतचे ठेवायचे, कारण खरी माणसंही पाच-सव्वासहा फुटांच्या दरम्यान असतात. त्याहून मोठे बाजूला काढायचे. फार बुटके असतील त्यांची पोरं करता येतात किंवा त्यांना लांब, मागच्या बाजूला उभं करता येतं.

आता प्रत्यक्ष काम. पहिली पायरी आंघोळीची. साच्यातून सहज सुटावं म्हणून प्लॅस्टिकला तेलकट पदार्थ लावलेला असतो. त्यावर रंग धरत नाही. भांड्यांच्या साबणाच्या कोमट पाण्यात माणसं टाकून जुन्या टूथब्रशनं घासायची आणि जुन्या गंजिफ्रॉकवर वाळत घालायची. दुसरी पायरी दाढीची. साच्याचे दोन भाग जिथे जुळतात तिथे अंगावरून एक बारीक शिवण गेलेली दिसते. ती नव्या ब्लेडनं कापायची नाही, हलक्या हातानं खरवडायची. आमच्या मोहल्ल्यातले सतारमेकर तंबोऱ्याची जवारी काढताना जसं थोडं घासतात आणि थांबून ऐकतात, तसं इथे थोडं खरवडायचं आणि थांबून पाहायचं. प्लॅस्टिक नरम आहे की कडक, हे नखानं दाबून बघावं. नरम असेल तर त्यावरचा रंग पुढे पापुद्र्यासारखा निघतो. अशा माणसांना आधी पाणी घातलेल्या फेव्हिकॉलचा एक हात द्यावा.

पायाखालची गोल चकती कापून टाकायची. खऱ्या जगात कुणी ताटलीवर उभं राहत नाही. मग हातानं फिरवायच्या बारीक ड्रिलनं एका पायात अर्ध्या मिलिमीटरचं भोक पाडून त्यात तारेचा तुकडा बसवायचा. रंगवताना ती तार बाटलीच्या बुचात खोचता येते आणि पुढे फलाटात. माणसाला बोट न लावता काम होतं.

तिसरी पायरी शस्त्रक्रियेची, आणि स्वस्त माणसांत खरा जीव इथेच येतो. एकाच साच्यातली बारा माणसं बारा वेगळी दिसावीत म्हणून काय करायचं? मानेपाशी मुंडकं कापायचं आणि थोडं वळवून फेव्हिक्विकच्या एका थेंबानं पुन्हा चिकटवायचं. एकजण गाडीच्या दिशेनं बघतो, दुसरा घड्याळाकडे, तिसरा पोराकडे. नुसत्या मानेच्या वळणानं बारातले सहा निराळे होतात. हात कोपरात कापून वाकवला की छत्री धरता येते, पिशवी काखोटीला मारता येते. ब्रीफकेस छाटून टाकली की तो हात मोकळा होतो आणि माणूस लगेच आपल्याकडचा वाटायला लागतो.

कपडे बदलायला घरातलं एम-सील पुरतं. दोन्ही लगद्या मळून ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा घ्यायचा, ओल्या टाचणीनं पसरायचा. पँटच्या दोन पायांमध्ये थोडं भरलं की धोतर होतं. डोक्यावर दोन वेढे दिले की पटका. इथे एक गंमत माझ्या ध्यानात आली. झगेवाली बाई पाचवारी साडीला चांगली, पण नऊवारीला पँट घातलेली बाई बरी पडते, कारण कासोट्यामुळे दोन पाय वेगळे दिसतातच. पदराला पतंगाचा कागद आणि पातळ फेव्हिकॉल. सुटातला साहेब तर बहुगुणी निघाला. त्याचा कोट काळा आणि पँट पांढरी केली की टी.सी. दोन्ही पांढरं केलं की स्टेशनमास्तर. कोटाचा खालचा भाग खरवडून लाल केला, दंडावर पितळी ठिपका दिला आणि डोक्यावर पेटी ठेवली की हमाल.

सामानसुमानासाठी दुकानात जायची गरज नाही, स्वयंपाकघरात जावं. मोहरीचा दाणा सुमारे दोन मिलिमीटरचा. तो या जगात सतरा सेंटिमीटरचा, म्हणजे तांब्याएवढा होतो. खसखशीचा दाणा पेरूएवढा. टोपलीत खसखस चिकटवून हिरवट-पिवळा रंग दिला की पेरूवाली तयार. आमच्या मिरजेची खूण म्हणून मला फलाटावर तंबोरा घेऊन निघालेला एक माणूस हवा होता. इथली सतार आणि तंबोरा यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, हे आपण वाचलं असेल. खरा तंबोरा चार-साडेचार फुटांचा. तो इथे चौदा ते सोळा मिलिमीटरचा होतो. भोपळ्यासाठी ज्वारीचा दाणा घेतला, दांडीसाठी खराट्याची काडी तासली, आणि वर पतंगाच्या कागदाची गवसणी चढवली. दाण्याला कीड लागू नये म्हणून त्याला गोंदाचे दोन हात दिले.

चौथी पायरी रंगाची. आधी राखाडी मॅट प्रायमरचा फवारा, वीतभर लांबून, पातळ पातळ दोन-तीन वेळा. हे काम उघड्यावर करावं, तोंडाला रुमाल बांधावा. रंग पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक घ्यावेत आणि मॅट घ्यावेत. ब्रश अगदी तीन शून्यांचाच हवा असं नाही. एक नंबरचा, पण टोक सुईसारखं असलेला ब्रश जास्त उपयोगी, कारण त्याच्या पोटात रंग राहतो आणि टोकावर लगेच वाळत नाही. ब्रशचं टोक ओठात धरून सरळ करायची सवय काहींना असते. ती सोडावी, काही रंगांत विषारी द्रव्यं असतात.

रंग द्यायचा क्रम आतून बाहेर. आधी कातडी, मग सदरा, मग धोतर किंवा पँट, मग केस, चपला, शेवटी हातातली वस्तू. माणूस कपडे घालतो त्याच क्रमानं. कातडीसाठी पाकिटातला गुलाबी विसरून जायचं. पिवळी माती, भाजलेली तांबडी माती आणि थोडा पांढरा अशी मिश्रणं पाच-सहा बाटल्यांच्या झाकणांत वेगवेगळी करून ठेवायची, गव्हाळपासून काळ्यासावळ्यापर्यंत. एकाच झाकणातून सगळ्यांना रंग दिला तर फलाटावर एकाच घरातली माणसं जमल्यासारखं दिसतं.

पाचवी पायरी सावलीची. तुम्ही म्हणाल, सावली तर दिव्यानं पडतेच. इथे ती पुरेशी पडत नाही. खोलीतली चार फुटी ट्यूबलाइट त्या छोट्या माणसाच्या जगात शंभर मीटरहून लांब असते. एवढा लांबलचक दिवा आकाशात असेल तर चुण्यांमध्ये सगळीकडून उजेड शिरेल आणि अंगावरच्या सदऱ्याला घड्या आहेत हे कळणारच नाही. म्हणून सावली रंगानं द्यावी लागते. तपकिरी-काळा रंग चहाच्या पाण्याइतका पातळ करायचा आणि अंगावरून एक हात फिरवायचा. तो आपोआप खोलगट जागी जाऊन बसतो. वाळल्यावर मूळ रंगात थोडा पांढरा घालून, ब्रश फडक्यावर जवळजवळ कोरडा पुसून, खांद्यांवरून आणि गुडघ्यांवरून नुसता चाटता फिरवायचा. उंचवटे उजळतात. शेवटी मॅट व्हार्निश. चकाकी राहिली तर सगळी मेहनत वाया, कारण चकाकीचा ठिपका लहान होत नसतो. तो लगेच सांगतो की हे प्लॅस्टिक आहे.

आता प्रश्न येतो की किती बारकावे दाखवायचे. नवीन माणसाचा हात थांबत नाही. डोळे, भुवया, सदऱ्याची बटणं, सगळं काढावंसं वाटतं. पेणच्या कारखान्यात गणपतीच्या डोळ्यांची आखणी जाणत्या कारागिराकडे असते, कारण मूर्तीचा जीव डोळ्यांत असतो. इथे नेमकं उलटं आहे. इथे डोळे काढायचेच नाहीत. का, त्याचा हिशेब सोपा आहे. टेबलावरच्या माणसाकडे आपण साधारण चाळीस सेंटिमीटरवरून पाहतो. चाळीस गुणिले सत्त्याऐंशी म्हणजे जवळजवळ पस्तीस मीटर. मोठ्या गाडीच्या दीड डब्याएवढं अंतर. एवढ्या लांबून खऱ्या माणसाचे डोळे दिसतात का? नाही. भुवयांखालची सावली दिसते, तेवढीच द्यायची. रंगही लांबून थोडे फिके दिसतात, म्हणून प्रत्येक रंगात किंचित राखाडी मिसळायचा. निव्वळ काळा आणि निव्वळ पांढरा वापरायचाच नाही. इरकली लुगड्याचे काठ खऱ्यात चार बोटं रुंद असले तरी इथे ते एक मिलिमीटरसुद्धा भरत नाहीत. ब्रशची एक रेघ मारली की झालं. नक्षी पाहणाऱ्याचा डोळा भरून काढतो.

हा पस्तीस मीटरचा हिशेब मी बरेच दिवस नुसता रंगाच्या कामी वापरत होतो. त्यात आणखीही काही आहे, हे एका प्रश्नामुळे पुढे आलं. माझा भाचा, सातवीतला, रंगवून ठेवलेली माणसं बघत होता. त्यानं विचारलं, ‘‘मामू, इसमें अपना आदमी कौनसा?’’ मी म्हटलं, तूच शोध. त्यानं दाढी आणि टोपीवाला एक म्हातारा शोधला, बुरख्यातली एक बाई शोधली. शंभरात दोन. त्याला फार कमी वाटले. मी विचारलं, ‘‘तेरे अब्बा काम पे क्या पहनके जाते?’’ म्हणाला, शर्ट-पँट. ‘‘फिर?’’ तो पुन्हा वाकून बघायला लागला. आता त्याला तंबोरा घेतलेला माणूस आपला वाटला. मग टी.सी. आपला वाटला. मग चहाचा किटली घेतलेला पोरगा. मग म्हणाला, ‘‘ऐसा तो कोई भी हो सकता.’’

हेच तर आहे. पस्तीस मीटरवरून चेहरा दिसत नाही, म्हणून माणूस कपड्यांवरून ओळखायची घाई होते. छोटी माणसं रंगवणाऱ्याला हा मोह फार पडतो, कारण खूण सोपी असते. भगवी पताका दिली की वारकरी. जाळीची टोपी दिली की मुसलमान. गांधी टोपी दिली की पाटील. शंभर माणसांना शंभर खुणा दिल्या की पाहणारे म्हणतात, वा, काय विविधता! पण तो फलाट राहत नाही, शाळेच्या स्नेहसंमेलनातला वेशभूषेचा कार्यक्रम होतो. मिरजेच्या फलाटावर मी लहानपणापासून उभा राहिलो आहे. आषाढीला पंढरपूरच्या गाडीच्या टपावरसुद्धा माणसं असायची. ख्वाजा मीरासाहेबांच्या उरुसाला तीच गाडी उलट्या दिशेनं भरून यायची. मिशन हॉस्पिटलला आलेले पेशंट, कर्नाटकातून आलेल्या लुगड्यातल्या बाया, बाजारचे शेतकरी. त्या गर्दीतल्या बहुतेक माणसांचा धर्म, जात, गाव लांबून सांगता आलं नसतं, आणि सांगायची कुणाला गरजही नव्हती. गाडी किती लेट आहे, हाच सगळ्यांचा प्रश्न होता.

नेहमीच असं असतं असं नाही. २००९ सालच्या गणेशोत्सवात मिरज-सांगली भागात दंगल झाली. त्या दिवसांत गल्लीच्या तोंडाशी उभा असलेला माणूस समोरून येणाऱ्याकडे पस्तीस मीटरवरूनच पाहत होता. आधी टोपी, दाढी, टिळा, माणूस नंतर. तो माणूस रोज आपल्या दुकानात येतो, त्याच्या मुलीचं लग्न ठरलं आहे, त्याला गुडघेदुखी आहे, हे जवळ आल्यावर कळायचं. पण जवळ येऊ द्यायला त्या दिवसांत कुणी तयार नव्हतं. म्हणून खेळातल्या माणसालाही नुसती खूण देऊन सोडून देणं मला बरं वाटत नाही.

मग काय करायचं? खुणा सगळ्या पुसून टाकायच्या का? मुळीच नाही. पताका आहे, बुरखा आहे, पटका आहे, कुंकवाचा ठिपकासुद्धा आहे, कारण फलाटावर ते सगळं असतंच. फक्त मी एक नियम ठेवला आहे. माणूस कोण आहे हे ठरवण्याआधी तो काय करतो आहे हे ठरवायचं. पताकावाला नुसता पताका घेऊन उभा नाही. त्यानं ती खांद्याला टेकवली आहे आणि वाकून चपलेचा अंगठा बघतो आहे. बुरख्यातल्या बाईच्या हातात डबा आहे आणि शेजारच्या लुगडेवालीनं तिचं पोर धरलं आहे. टोपीवाला म्हातारा सिग्नलकडे हात करून कुणाला तरी काही सांगतो आहे, बहुधा गाडी लेट असल्याचंच. काम दिलं की खूण आपोआप मागे सरकते, नाहीशी न होता. आणि शंभरातली सत्तर-ऐंशी माणसं साधी ठेवायची. मळका पांढरा सदरा, विटकी खाकी पँट, धुऊन धुऊन फिकी झालेली साडी. खऱ्या गर्दीचा रंग हाच असतो. त्यात एक लाल हमाल आणि एक हिरवं लुगडं उठून दिसतं. सगळेच उठून दिसले तर कुणीच दिसत नाही.

आपल्याकडच्या घरांना हे काम फार परकं वाटायचं कारण नाही. दिवाळीत मातीचा किल्ला करून त्यावर अळीव पेरणारी, मावळे मांडणारी मुलं हेच करत असतात. त्या मावळ्यांनाही बाजारातून आल्यावर एक हात पातळ तपकिरी रंगाचा देऊन पाहा. त्यांच्या अंगरख्याला घड्या पडतील. कुणाच्या तरी हातातली तलवार काढून मोहरीचा तांब्या द्या. किल्ल्यावर पाणी भरणारा कुणीतरी लागतोच की!

शेवटी मांडणीबद्दल. धावणारा, हात हलवणारा, उडी मारणारा माणूस मॉडेलवर ठेवू नये. गाडी फिरते आणि तो तिथेच एका पायावर अडकलेला दिसतो. उभी, बसलेली, टेकलेली, वाट पाहणारी माणसं घ्यावीत. वाट पाहणारा माणूस न हलला तरी खोटा वाटत नाही. त्यांना रांगेत आणि सारख्या अंतरावर उभं करू नये. दोन-दोन, तीन-तीनच्या घोळक्यात ठेवावं, एकमेकांकडे तोंड करून, आणि घोळक्यांच्या मध्ये मोकळी जागा सोडावी. चहाच्या गाड्यापाशी दाटी, फलाटाच्या टोकाला एखादाच. आणि मुख्य म्हणजे माणसं फलाटाला कायमची चिकटवू नयेत. पायातली तार नुसती खोचावी, फार तर गोंदाचा टाचणीएवढा ठिपका लावावा. माझे मित्र दर आठ-पंधरा दिवसांनी सगळी माणसं उपसतात आणि नव्यानं मांडतात. तंबोरेवाला एकदा वारकऱ्यांत बसलेला असतो, एकदा टी.सी.शी हुज्जत घालत असतो. गाडी तीच, फलाट तोच, पण बोलायला माणसं नवी मिळाली की स्टेशन बदलतं.